आईला बघायचं नाही म्हणे

रात्री पावणेअकराला वहिनींचा मेसेज आला. आधी एक लांबलचक फॉरवर्ड, ‘पपी घेताय? फसू नका! मुंबईकरांसाठी ७ सोनेरी नियम’. खाली शिह त्झू जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो, गळ्यात लाल रिबन. आणि त्याखाली, “ओवीच्या वाढदिवसाला घेतोय. पाच हजार टोकन जीपे केलं. रविवारी दादर स्टेशनला पुलाखाली आणून देणार आहे.”

हा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, ऑफिसच्याही. दोन्ही वेळा मी अंगठ्याने वर सरकवून मोकळा झालो. आता तो घरात शिरलाय.

सुरुवात नियम ४ पासून करतो, कारण सगळी मेख तिथे आहे. ‘पिल्लाच्या आईला बघायचा हट्ट धरू नका. बाहेरच्या माणसांमुळे इन्फेक्शन होतं. चांगला ब्रीडर पिल्लू स्वतः तुमच्यापर्यंत आणून देतो.’

यातलं इन्फेक्शनचं खरं आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू चपलेच्या तळाला चिकटून येतो आणि जमिनीवर कित्येक महिने टिकतो. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लांमध्ये कुणी हिंडू नये, असं ब्रीडरला, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणाऱ्याला, वाटत असेल तर त्यात गैर काही नाही. मग चपला बाहेर काढायला लावा, हातपाय धुवायला सांगा, दारातून दाखवा. अगदीच नाही तर व्हिडिओ कॉल करा. पण इन्फेक्शनची एवढी धास्ती असलेला माणूस तेच पिल्लू पिशवीत घालून दादर स्टेशनवर आणतो, तिथल्या चपला काय गोमूत्राने धुतलेल्या असतात?

आई दाखवत नाहीत, कारण ती दाखवण्यासारखी ठेवलेलीच नसते. अशी एक आई आमच्या घरी आहे. लॅब्रॅडॉर, नाव जाई. कुणा ब्रीडरने ‘आता पिल्लं होत नाहीत’ म्हणून टाकून दिलेली, ओळखीच्या डॉक्टरांमुळे आमच्याकडे आली. आली तेव्हा आचळं लोंबून चालताना एकमेकांवर आपटत होती. नखं वाढून वळली होती, एक तर पंजाच्या गादीत रुतलं होतं. सिमेंटवर बसून बसून कोपरांवरचे केस गेलेले, तिथे चामड्यासारखे घट्टे. तिला जिना माहीत नव्हता. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे दोन आठवडे मी आणि बायको तिला चादरीत घालून वर-खाली करत होतो. पहिले काही महिने शेजारचं बाळ रडलं की ती उठायची आणि घरातला प्रत्येक कोपरा हुंगून यायची.

तिची किती वेतं झाली ते सांगता येणार नाही, पण पाचावर नक्कीच थांबलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले. पाच यासाठी, की केंद्र सरकारचे कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीबद्दलचे २०१७ चे नियम आयुष्यात तेवढीच वेतं होऊ देतात. कुत्री १८ महिन्यांची होईपर्यंत मेटिंग नाही, १२ महिन्यांत एकच वेत, वयाच्या ८ वर्षांनंतर बंद. बाप-लेक, भाऊ-बहीण असलं मेटिंगही नाही. आता उलटा हिशेब करा. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि दोनेक महिन्यांत विते. प्रत्येक माज साधला की वर्षाला दोन वेतं, म्हणजे धंदा दुप्पट. एकदा आई दिसली की हे सगळं तिच्या अंगावर वाचता येतं.

आता नियम २. ‘३०-३५ दिवसांचं पिल्लू घ्या, लवकर माया लागते.’ हे सरळ बेकायदा आहे. त्याच २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. छप्पन्न दिवस. वहिनींच्या पिल्लाच्या लसीकरणाच्या कार्डावर वय ‘४५ दिवस’ लिहिलंय, म्हणजे विकणाराच कबुली देतोय. त्यातही मी त्याने पाठवलेला व्हिडिओ थांबवून, मोठा करून पाहिला. पिल्लू जांभई देतंय आणि हिरड्या जवळजवळ सपाट, पुढे कणीएवढे दोन पांढरे ठिपके. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुटायला लागतात. हे पंचेचाळीस कुठले, महिन्याचं असेल तर नशीब! या वयात ते भावंडांशी चावाचावी खेळून किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, ते शिकत असतं. लवकर तोडलेली पिल्लं मग ओवीच्या बोटांवर शिकतात.

त्याच कार्डावर ‘लसीकरण पूर्ण’ असा शिक्का आहे. पिल्लाची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, मग दर तीन-चार आठवड्यांनी एकेक, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तर तीन महिन्यांच्या आसपास. पंचेचाळिसाव्या दिवशी पूर्ण काय झालं, तर फक्त शिक्का.

नियम १, ‘केसीआय पेपर असले की डोळे झाकून घ्या.’ केनेल क्लब ऑफ इंडिया ही चेन्नईची संस्था कुत्र्याच्या वंशावळीची नोंद ठेवते. वंशावळ खरी असेलही. पण रेशनकार्डावरून घरात कोण उपाशी झोपतं ते कळतं का? मागायचंच असेल तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडचा ब्रीडरचा नोंदणी क्रमांक मागा, पिल्लाच्या कातडीखाली ओळखीसाठी बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर मागा, लस आणि जंताच्या औषधाच्या तारखा लेखी मागा. निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात.

‘हेवी बोन, पंच फेस, इम्पोर्टेड लाइन’, म्हणजे जाड हाडं, चपटं तोंड, परदेशी वंश, हे भाव चढवायचे मंत्र. व्यापारी ब्रीडिंगसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर केंद्राने २०१६ मध्ये बंदी घातली होती, तेव्हा इम्पोर्टेड म्हणजे कधीचं आणि कुठून, एवढं विचारून बघा. क्रॉफर्ड मार्केटच्या पिंजऱ्यातून घेऊ नका, हा नियम बरोबर आहे. फक्त पिंजऱ्याच्या जागी पिशवी आली म्हणून माल बदलत नाही. आणि दत्तक घेतलेली गावठी पिल्लं ‘भरवशाची नसतात’ म्हणणाऱ्याने एकदा परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलात जाऊन रांगेत बसावं. जातिवंत कुत्र्यांची दुखणी तिथे कानावर येतील. सातवा नियम ब्रीडरच्या फोन नंबराचाच आहे, त्याला काय उत्तर देणार.

सगळेच ब्रीडर असे नसतात, हेही मला माहीत आहे. घरात दोन कुत्र्या ठेवून, वर्षा-दोन वर्षांनी एखादं वेत काढणारी माणसं आहेत. ती उलट आपलीच उलटतपासणी घेतात, दिवसभर घरी कोण असतं इथपासून. आणि पिल्लासाठी सहा-सहा महिने थांबायला लावतात.

फोनवर वहिनी म्हणाल्या, “पण मग ते बिचारं तिथेच राहील ना? त्यापेक्षा आपण आणलेलं बरं.” हा प्रश्न मला सगळ्यात जड जातो. पण त्याची जागा रिकामी झाली की ती भरायला त्याच आईचं पुढचं वेत लागतं, आणि त्या वेताचे पैसे आपण दिलेले असतात.

मग मी म्हटलं, काही वाद घालू नका. त्याला फक्त सांगा, आईजवळ पिल्लू ठेवून आत्ता व्हिडिओ कॉल कर. त्यांनी विचारलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं, ‘मॅडम मदर गावाला गेली आहे.’ टोकन परत मिळणार नाही, हेही त्याच दमात.

वहिनींनी त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला. खाली लिहिलं होतं, “कशाने गेली, एसटीने?”