डबा कोणी खाल्ला?

सकाळपासून तेच रील फिरतंय. ‘पाश्चात्त्य आरपीजीत तुम्ही स्टोरी घडवता, जपानी आरपीजीत नुसती बघता.’ (आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, एखादं पात्र बनून खेळायचा व्हिडिओ गेम.) खाली टाळ्यांचा पाऊस. बाकीच्यांचं सोडा, पण आपल्यातल्यांनीही लाइक ठोकलंय, म्हणून लिहितोय. (स्पॉइलर भरपूर आहेत.)

‘क्रोनो ट्रिगर’, जपानी आरपीजी, १९९५. नायक क्रोनो, म्हणजे तुम्ही. सुरुवातीलाच जत्रा. एका टेबलावर कुणाचा तरी डबा ठेवलेला असतो. बटण दाबलं की क्रोनो तो खातो आणि एचपी (जीवनशक्ती) भरते. आरपीजी खेळणारा माणूस खाणारच, दिसेल ते उचलायची सवय याच प्रकाराने लावलीय आपल्याला. मग मार्ले नावाची मुलगी धडकते, तिचं पेंडंट पडतं. तुम्ही आधी तिची विचारपूस केलीत की आधी पेंडंट उचललंत? ती मिठाई निवडत असताना थांबलात की ओढून नेलंत? हरवलेलं मांजर त्या पोरीला परत दिलंत का? गेम चकार शब्द काढत नाही. पुढे क्रोनोवर राजकन्येच्या (ती मार्लेच निघते) अपहरणाचा खटला उभा राहतो आणि जत्रेतली ही सगळी वागणूक कोर्टात निघते. डबासुद्धा!

आणि म्हणे नुसती बघता.

आता तुमचा लाडका पाश्चात्त्य आरपीजी ‘मास इफेक्ट’. संवादात चांगलं उत्तर वर, दांडगट उत्तर खाली, खास पर्याय निळ्या-लाल रंगात. दुसऱ्या भागात (२०१०) हे खास पर्याय उघडायला तोवर मिळू शकणाऱ्या चांगल्या-दांडगट वागण्याच्या पॉइंटांपैकी पुरेसा वाटा एकाच बाजूचा लागतो. म्हणजे प्रसंग बघून कधी मऊ, कधी कडक वागलात की दोन्हीकडचे पर्याय बंद पडायला लागतात. मग माणूस काय करतो? पहिल्या तासात रंग ठरवतो आणि शेवटपर्यंत तोच दाबत बसतो. याला निर्णय म्हणायचं? आणि पहिल्या भागात मारलेली रॅक्नी या किड्यांसारख्या परग्रहवासीयांची राणी! तिसऱ्या भागात तिच्या जागी दुसरी, कृत्रिम पैदाशीची राणी बसवलीय, कारण ते मिशन व्हायलाच हवं. यामागचं कारण साधं आहे. प्रत्येक फाट्यासाठी वेगळे संवाद रेकॉर्ड करायचे, वेगळं ॲनिमेशन करायचं, आणि अर्धे खेळाडू ते बघणारही नाहीत. म्हणून फाटे फुटतात आणि लगेच पुन्हा एकत्र येतात. क्रोनोच्या चार एमबीच्या कार्ट्रिजमध्ये आवाज नव्हता, नुसता मजकूर होता. साक्षीदार बदलायचा म्हणजे चार ओळी बदलायच्या.

हो, माहितीय, क्रोनोच्या खटल्यात निर्दोष ठरलात तरी चॅन्सलर (राजाचा मंत्री) कोठडीतच टाकतो. कथा हलत नाही. मान्य. पण तुमचा हिशेब झालेला असतो, आणि तुम्हाला न विचारता झालेला असतो. पडद्यावर ‘डबा खायचा का? हो / नाही’ आलं असतं तर सगळे साधुसंत झाले असते.

बरं, रागाच्या भरात अन्याय नको. ‘विचर ३’ या पाश्चात्त्य गेममधला (२०१५) ब्लडी बॅरन या सरदाराचा प्रसंग हेच करतो, आणि जास्त निर्दयपणे करतो. टेकडीतल्या झाडाखाली कैद असलेला आत्मा सोडलात तर दलदलीतली पोरं वाचतात, पण बॅरनची बायको अ‍ॅना मरते आणि बॅरन गळफास घेतो. मारलात तर अ‍ॅना वेडी का होईना जगते, बॅरन तिला उपचारांना घेऊन जातो. पोरांचा मात्र पत्ता लागत नाही. ना मीटर, ना रंग. परिणाम कळेपर्यंत इतकं खेळून झालेलं असतं की जुनी सेव्ह लोड करायची हिंमत होत नाही. तिकडच्याच ‘डिस्को एलिझियम’बद्दल (२०१९) तर बोलायलाच नको. पंख्यावरचा टाय ओढायला गेलात आणि अंगात ताकद नसेल तर गेम तिथेच संपू शकतो. अफाट लेखन. त्याच्यापुढे बरेच जपानी गेम पोरकट वाटतात, हेही घ्या लिहून. ‘पर्सोना ५’मध्ये पात्रं एक गोष्ट समोरासमोर बोलतात आणि घरी जाऊन तीच पुन्हा चॅटवर बोलतात. ‘फायनल फँटसी १३’मध्ये अकराव्या प्रकरणापर्यंत कॉरिडॉरमधून चालवतात. तिथे रीलवाला बरोबर आहे.

पण दोन्हींचं मूळ तरी बघा की. पाश्चात्त्य धारा १९७४च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या खेळातून आली. टेबलाशी बसलेला डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, विचारतो, ‘आता काय करणार?’ जपानची धारा बऱ्याच अंशी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधून आली, १९८६, आणि ती रचणारे युजी होरी ‘शोनेन जंप’ या मांगा (जपानी कॉमिक्स) साप्ताहिकासाठी लिहिणारे. चित्रं ‘ड्रॅगन बॉल’वाल्या अकिरा तोरियामांची. हीच दोघं पुढे क्रोनो ट्रिगरच्या टीममध्ये होती. त्यांना वाचक कसा गाफील पकडायचा हे ठाऊक होतं. म्हणूनच तो डबा टेबलावर आहे, मेनूत नाही.

आणि ‘जपानी गेममध्ये चॉइस नसतो’ म्हणणाऱ्यांनी ‘टॅक्टिक्स ओग्रे’ खेळावा. तोही १९९५चाच, २०२२ची ‘रीबॉर्न’ आवृत्ती सहज मिळते. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी हुकूम येतो की बाल्मामुसा गावातल्या आपल्याच लोकांना मारा आणि खापर शत्रूवर फोडा. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, कत्तल होतेच. तुम्ही जे निवडाल त्याच्या उलट तुमचा जिवलग मित्र व्हाइस निवडतो, आणि तिथून कथा खरोखर दोन वाटांनी जाते.

कमेंटमध्ये कृपया ‘स्कायरिम’ हा पाश्चात्त्य आरपीजी आणू नका. जिथे दोन-चार फुटकळ मंत्रांच्या जोरावर माणूस विंटरहोल्डच्या जादू-विद्यापीठाचा कुलगुरू होतो, तिथल्या स्टोरीवर मी वाद घालणार नाही.