पाच तासात मुंबई (म्हणे)

कराडहून मुंबईला जायला किती वेळ लागतो, असं आमच्याकडं कुणालाही विचारून बघा. "पाच तास. काय नाय वो, गाडी पळती." सांगणारा खोटं बोलत नसतो. तो खरंच एकदा पाच तासात गेलेला असतो. लॉकडाऊनमध्ये, पास काढून, रात्री दीडला निघून, एकटा. पुढं आयुष्यभर तो आपला विक्रम लोकांना वेळापत्रक म्हणून वाटत फिरतो.

माझ्या एका आतेभावाकडून असलाच आकडा घेऊन मी मागच्या वर्षी आईला तपासणीसाठी परळला घेऊन निघालो. सोमवार, सकाळी दहाची वेळ मिळालेली. अंतर ३१० किलोमीटरच्या आसपास. आतेभाऊ म्हणाला, "पाचला निघा, धाला दारात. मी साडेचारात बी गेलोय." त्यातल्या त्यात शहाणपणा म्हणून मी साडेचारला निघायचं ठरवलं. म्हणजे अर्धा तास हाताशी.

तो अर्धा तास घरातच गेला. सामान डिकीत गेलं, देवाला नमस्कार झाला, गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि आईला आठवलं की जुन्या रिपोर्टची पिशवी फ्रीजवर राहिली. परत मागं. हायवेला लागलो तेव्हा पाच वाजून गेले होते. सातारा-कागल सहापदरीचं काम सुरू झाल्यापासून आमच्याकडं हायवे म्हणजे अर्धा हायवे आणि अर्धा सर्व्हिस रोड. पत्र्याच्या आडोशामागून वळवलेला रस्ता, एक ट्रक पुढं, एक मागं. साताऱ्याला यायलाच सव्वासहा. तिथून पुढं मात्र झकास. आनेवाडीचा टोलनाका रिकामा, खंबाटकीला बोगदा. (येताना तेव्हा याच जागी बोगदा नव्हता, घाट चढावा लागायचा. जायला जेवढा वेळ तेवढाच यायला, असं धरणारा इथंच फसायचा.) खेड शिवापूरच्या अलीकडं चहा घेतला. दहा मिनिटं ठरलेली, लागली पंचवीस. आईच्या गुडघ्यांना गाडीतून उतरायला आणि चढायला वेळ लागतो, आणि बायकांच्या स्वच्छतागृहापुढं रांग असते. हे कुठल्याच नकाशात येत नाही.

मग पुणं आलं. खरं तर आम्हाला पुण्यात जायचंच नव्हतं, बाजूनं निघून जायचं होतं. कात्रजच्या बोगद्यापासून किवळ्यापर्यंत जेमतेम तीस किलोमीटर. पण सोमवारी सकाळी आठला अख्खं पुणं त्याच बायपासनं हिंजवडीला निघालेलं असतं. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड. मागनं आई विचारत होती, "आलं का रं मुंबई?" मी म्हणायचो, "अजून पुणंच संपंना, आई."

एक्स्प्रेसवेला लागताना नऊ वाजले होते. आतेभावाच्या हिशेबानं मी तेव्हा वाशीला असायला हवा होतो. मग मीही सगळ्यांसारखाच वेडेपणा केला, गाडी दामटली. नंतर शांतपणे हिशेब केला. एक्स्प्रेसवे ९४ किलोमीटरचा. ताशी ऐंशीनं गेलं तर सत्तर मिनिटं, शंभरनं गेलं तर छप्पन्न. वाचली चौदा मिनिटं, तीही घाट लागत नाही असं धरलं तर. घाटात तर एका लेनमध्ये कंटेनर, दुसऱ्या लेनमध्ये त्याला ओलांडणारा दुसरा कंटेनर, आणि तिसरीत आपण सगळे. म्हणजे जीव मुठीत धरून कमावायचं ते एका चहाइतकंसुद्धा नाही.

कळंबोलीला आलो तेव्हा मी आईला म्हणालो, "पोचलोच आता." चूक तिथंच. कळंबोली ते परळ अजून पस्तीस-चाळीस किलोमीटर होते आणि त्याला पावणेदोन तास लागले. पोचायला बारा वाजून गेले. खिडकीवरच्या बाईंनी घड्याळाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि पुढच्या आठवड्यातली तारीख लिहून दिली. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आई काही बोलली नाही. परतताना फक्त म्हणाली, "त्या धोंड्याला परत काय इचारू नको." धोंडा म्हणजे आतेभाऊ.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की आपल्याकडं अंतर विचारणं हेच मुळात बिनकामाचं आहे. 'मुंबई १५० कि.मी.' म्हणजे कुठली मुंबई? ब्रिटिशांच्या काळात मुंबईचे मैल फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजायचे, तसे कोरलेले जुने दगड दादर-परळकडं सापडलेत. पुण्यातही जीपीओसमोर शून्याचा दगड आहे. पण कॅथेड्रलला कोण जातं? कुणाला भांडुपला जायचंय, कुणाला बोरिवलीला. पाटीवरची मुंबई एक आणि पाव्हण्यांची मुंबई दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये कधीकधी दीड तास असतो.

मोबाइलवरच्या नकाशाला लोक उगाच शिव्या घालतात. त्यात निघायची वेळ घालून बघायची सोय आहे. तशी घातली की ते 'साडेपाच ते साडेसात तास' असा ऐसपैस आकडा दाखवतं. आपण त्यातला फक्त पहिला आकडा वाचतो, मनातल्या मनात त्यातनंही अर्धा तास कमी करतो, आणि उशीर झाला की म्हणतो, मॅपनं गंडवलं. शिवाय त्याला तुमची गाडी सीएनजीवर आहे हे ठाऊक नसतं. पंपावरची ती रांग एकदा सोसलेला माणूस पाच तासाची भाषा करत नाही.

रेल्वेवाल्यांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. डेक्कन क्वीन सव्वासातला पुण्यातनं सुटते, १९२ किलोमीटर जाऊन दहा पंचवीसला सीएसएमटीला लागते. उशीर होतो, अगदी होतो. पण "मी एकदा क्वीननं दोन तासात गेलोय" असं सांगणारा अजून भेटलेला नाही.

आता मला कुणी विचारलं तर मी उलट तीन गोष्टी विचारतो. वार कुठला, घरातनं किती वाजता निघणार, आणि गाडीत म्हातारं माणूस किंवा लहान पोर आहे का. रविवारी संध्याकाळी मुंबईकडं निघालात तर माझ्याकडं आकडाच नाही. बाकी दिवशी साधा हिशेब सांगतो: चहापाण्यासकट ताशी पंचेचाळीस धरा. कराड-मुंबई सात तास. लोकांना पटत नाही. "सात? एवढा कशाला?" म्हणतात आणि आतेभावाला फोन लावतात. दवाखाना, विमान किंवा मुलाखत असेल तर मी हिशेबही सांगत नाही. आदल्या रात्री जा म्हणतो. आम्ही पुढच्या आठवड्यात तेच केलं, चेंबूरला मावशीकडं मुक्काम.

या सगळ्यात खरा अंदाज एका माणसालाच येतो, ती ही मावशी. चाळीस वर्षं गावाकडनं येणाऱ्यांची ती वाट बघत आलीय. निघालो, घाट उतरलो, पनवेल आलं, असल्या फोनांना ती किंमतच देत नाही. "वाशीचा खाडीपूल आला की सांग, तेव्हा कुकर लावते," एवढंच तिचं म्हणणं. त्या रात्री मी सांगितल्याप्रमाणं पुलावरनं फोन केला. तिकडनं कुकरचं झाकण हातात असल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "पूल चढलायस का उतरलायस?"