डाउनलोड केलं, मग काय झालं?

डोंबिवलीत फडके रोडच्या कट्ट्यावर रविवारी वाद पेटला तो पश्याच्या पेनड्राइव्हवरून. नवी गाडी घेतली म्हणून पठ्ठ्याने टॉरेंटवरून हजारो गाणी उतरवलीत. वर ऐट अशी, "विकतोय थोडीच? स्वतःपुरती आहेत. कायद्यात चालतं."

विन्या वकील आहे. रविवारी फुकट सल्ला देत नाही म्हणतो आणि तासभर देतो.

"अर्धं बरोबर. कॉपीराइट कायदा १९५७ चा, कलम ५२. खाजगी वापराला सूट आहे. पण २०१२ ची दुरुस्ती होईपर्यंत त्या सुटीत ध्वनिमुद्रणं नव्हतीच."

"आता आहेत ना? संपलं!"

"वापर वाजवी हवा, असंही लिहिलंय त्यात. तुझी विकतची सीडी मोबाइलमध्ये घेतलीस तर कोण विचारतंय? पण फुकट्या साइटवरून एवढी गाणी उचलणं वाजवी कसं, ते कोर्टाला तू पटव. मी वकीलपत्र घेणार नाही."

पश्याने हुकमाचं पान काढलं. "२०१६ साली मुंबई हायकोर्टच म्हणालं होतं, चोरीचा सिनेमा नुसता बघणं गुन्हा नाही."

"बघणं नाहीच. परवानगीशिवाय वाटणं, चारचौघांत दाखवणं, विकणं हा गुन्हा. आणि टॉरेंट काय करतं? फाइल तुझ्याकडे उतरत असतानाच तिचे तुकडे तुझा लॅपटॉप दुसऱ्यांना पाठवत असतो. म्हणजे वाटतोयसच तू. कलम ६३ बघ, जाणूनबुजून केलं तर सहा महिने ते तीन वर्षं, आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, एवढाच दिलासा."

पश्या गप्प. माझ्या मते वादाची मेख इथेच होती. डाउनलोडवर सगळे तावातावाने भांडतात, अपलोडचं कुणाच्या गावीही नसतं.

"पैसे कंपनीच्याच घशात जातात," पश्या पुटपुटला. शलाका गाणं शिकवते, ती उसळलीच. "गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येऊ नये, ही तरतूद त्याच २०१२ च्या दुरुस्तीत आली. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. तू फुकट उतरवलंस की त्यांचाही वाटा बुडाला."

अण्णांना या कशातच रस नव्हता. "माझ्या नाट्यपदांचं काय?"

विन्या खुलला. "'मानापमान'? खाडिलकर १९४८ ला गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ ला. मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तो संपला. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून ६० वर्षं. या पदांच्या बालगंधर्वांच्या साठ वर्षं उलटलेल्या तबकड्या खुशाल उतरवा."

"आणि गीतरामायण?"

"गदिमा १९७७ ला गेले, बाबूजी २००२ ला. चाली मोकळ्या व्हायला २०६३ उजाडेल."

"तोवर मी काय करू?"

"घरच्या कॅसेटवरून स्वतःसाठी एमपी३ करा, कोणी हरकत घेणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका."

अण्णांचा चेहरा पडला. ग्रुपचे ॲडमिन तेच.

बेंजोवाल्या बाळ्याला वरातीत सिनेमाची गाणी वाजवायची धास्ती. लग्नाच्या वरातीला कायद्याने सूट आहे कळल्यावर त्याने सगळ्यांचा चहा सांगितला. मग शलाकाने विचारलं, "तिकीट लावून ऑर्केस्ट्रा केला तर?" विन्या म्हणाला, "तिकीट लावलंस की लायसन्स काढ."

"म्हणजे माझ्या पेनड्राइव्हचं नक्की काय?" पश्या अजून तिथेच.

"आधी ते टॉरेंट बंद कर. आत्ता, इथेच."