पैसे घेतलेत ना, मग मॉड चालवूनही द्या!

पुन्हा तेच! गेमचा अपडेट आला आणि पैसे मोजून घेतलेला लालपरीचा मॉड (गेममध्ये आपली एसटी आणणारी, गेम कंपनीनं नव्हे तर बाहेरच्या कुणीतरी बनवलेली भर) बंद पडला. यंदाची ही तिसरी वेळ. विकणाऱ्याला मेसेज केला, तर म्हणे, "नवीन व्हर्जन आलंय, दीडशे पाठवा." अरे, मग मागचे दीडशे कशाचे होते?

फुकटचा मॉड बिघडला तर मी चकार शब्द काढत नाही. कुणीतरी रात्री जागून केलेला असतो तो. पण पैसे घेतलेस की जबाबदारी आली! आमच्या गणपती पेठेतला दुकानदारसुद्धा खराब निघालेला माल बदलून देतो.

२०१५ साली स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 'स्कायरिम' नावाच्या गेमचे मॉड विकायला काढले, तेव्हा बनवणाऱ्याला जेमतेम २५ टक्के मिळणार होते आणि पैसे परत मागायला गिऱ्हाइकाला २४ तास. लोक असे खवळले की काही दिवसांतच सगळं गुंडाळून पैसे परत करावे लागले. इथं खवळायचं कुणावर?

आणि खरा संताप पुढंच आहे. त्या बसचं मॉडेल मुळात दुसऱ्याच पोरानं फुकट वाटलेलं. ह्यानं त्यावर फक्त 'सांगली-स्वारगेट' पाटी लावली नि दुकान मांडलं. त्या पोराचं साधं नावसुद्धा कुठं टाकलेलं नाही.