उणे चोवीसची लघुशंका

आमच्याकडं सोलापुरात थंडी येते ती गड्ड्याच्या यात्रेपुरती. संक्रांतीच्या आसपास पारा पंधरावर उतरला की माकडटोप्या बाहेर पडतात, कट्ट्यावरची मंडळी "यंदा जरा जास्तच आहे" असं दर वर्षीप्रमाणे म्हणतात, आणि नंदीध्वज मिरवून झाले, होम झाला, की फेब्रुवारीत पुन्हा पंखे. मे महिन्यात ४४ अंशांत भर दुपारी नवी पेठेत सायकलवर जाऊन छत्रीची काडी बसवून आणणारा मी माणूस. उन्हाबद्दल मला कुणी शिकवू नये. थंडीबद्दलचं माझं सगळं ज्ञान मात्र दोन शब्दांत संपत होतं: चादर घ्या.

चिरंजीव फिनलंडला, हेलसिंकीत नोकरीला आहेत. त्यांनी फर्मान काढलं, "बाबा, डिसेंबरात या. आपण लॅपलँडला जाऊ, रोव्हानिएमीला. बर्फ बघा एकदा." शेजारच्या अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "बर्फच बघायचाय तर पार्कावर गोळेवाल्याकडं जावा की ओ. एवढं लांब कशाला?" अण्णांचं ऐकायला हवं होतं. पण हिनं तोवर चाटी गल्लीतनं नवी कोरी चादर आणून बॅगेत कोंबली होती. मोराची, दुहेरी विणीची. शेंगाची चटणी एक किलो, कडक भाकरी दोन पुडकी, आणि वर ही चादर. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा मी माझे दोन स्वेटर काढून अंगावर घातले, पण चादर काढू दिली नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे ती, काही साधी गोष्ट नाही.

विमान, हेलसिंकी, मग रात्रभराची रेल्वे. रेल्वेबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण रात्रभर कुणीही "दौंड आलं का?" असं विचारलं नाही, त्यामुळं मला झोपच लागली नाही.

रोव्हानिएमीला उतरलो तेव्हा उणे २४ होतं. पहिल्या श्वासाला नाकातले केस ताठ झाले. चष्म्यावर दव आणि दवावर बर्फ. मी लगेच चादर काढायला बॅगेला हात घातला, तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, आधी कपडे."

इथून पुढं आठ दिवस मी जे काही केलं त्याला हिवाळी सहल म्हणतात, पण प्रत्यक्षात मी फक्त कपडे घातले आणि काढले. सगळ्यात आत लोकरीचं अंगाला चिकटणारं वरचं-खालचं. त्यावर फ्लीसचं वरचं-खालचं. त्यावर भाड्यानं मिळणारा एकसंध डगला, गळ्यापासून घोट्यापर्यंत, आत शिरायचा तर आधी पाय, मग कंबर, मग एक हात, मग दुसरा हात शोधण्यात दहा मिनिटं. पायात मोजे. मी शहाणपणानं तीन जोड घातले, तर बोटं बधिर. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, मोजे घट्ट झाले की रक्तच पोचत नाही, आणि ऊब धरून ठेवणारी हवाही राहत नाही. एक पातळ, एक जाड, बास." मग बूट, मग तोंडावरचा टोप, मग मिटन नावाचे मोजे, ज्यात चार बोटं एका खोलीत राहतात आणि अंगठा वेगळा निघतो. एकूण सात चेनी. मी मोजल्या आहेत. पुढं ज्या प्रसंगांना तोंड द्यावं लागलं त्यात मोजण्याखेरीज दुसरं काही हातात नव्हतं.

कारण सातवी चेन लागली की मला लघवीला लागायची.

वय बासष्ट, तेव्हा पहिले दोन दिवस मी वयाला दोष दिला. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी, त्या फिजिओथेरपिस्ट आहेत, समजावून सांगितलं. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या आतल्या भागात गोळा होतं. मूत्रपिंडांना वाटतं, पाणी फार झालं, आणि ती ते बाहेर काढायच्या मागे लागतात. तरुणांनाही होतं म्हणे. म्हणजे बघा, नळाला चार-चार दिवस पाणी नाही आलं तरी घागरी पुरवून पुरवून वापरणारं हे सोलापूरचं शरीर. परदेशात आल्या आल्या त्यानं पाण्याची अशी उधळपट्टी करावी?

आणि हे उधळणं सोपं नाही. मिटन काढल्याशिवाय चेन सापडत नाही. मिटन काढलं की मिनिटभरात बोटं लाकडाची होतात, मग चेन सापडूनही कळत नाही की सापडली. ती खाली आली तरी आत फ्लीस. फ्लीसच्या आत लोकर. दार ठोठावणारे बाहेर उभे. एकदा तर मी सगळं सोडवून होईपर्यंत लागायचीच थांबली. परत सगळं चढवलं, बाहेर पडलो, बर्फावर पाय ठेवला, तो करकरला, आणि झालं.

सांताच्या गावातून आर्क्टिक वृत्त जातं, शहराच्या उत्तरेला आठेक किलोमीटरवर. जमिनीवर रेघ आखलेली आहे, लोक तिच्यावर एक पाय अलीकडं, एक पलीकडं ठेवून फोटो काढतात. आमच्या हिनं अर्धा तास कोन ठरवण्यात घालवला आणि नेमक्या क्षणी थंडीनं फोनची बॅटरी झोपली. मी ते वृत्त ओलांडलं ते धावत, कारण स्वच्छतागृह पलीकडच्या बाजूला होतं. चिरंजीव मागून ओरडत होते की बाबा, खरं वृत्त या रेघेवर नाहीच, ते दर वर्षी चौदा-पंधरा मीटर उत्तरेला सरकतं. मला त्या वृत्ताबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यालाही एका जागी थांबवत नसावं.

दिवस म्हणाल तर अकराच्या सुमाराला उगवायचा आणि सव्वाला मावळायचा. आपल्याकडं दुकानदार दुपारी झोपायला शटर ओढतो, इथं सूर्यानंच दुकान सव्वादोन तासांचं ठेवलं होतं. मी जेवून जरा पडलो की दिवस संपलेला असायचा आणि ही म्हणायची, "उठा, संध्याकाळ झाली," तेव्हा घड्याळात दोन वाजलेले.

कुत्र्यांच्या गाडीबद्दल थोडक्यात. ती हस्की कुत्री जुंपताना एवढी बोंबलतात की वाटतं दंगल झाली, आणि गाडी सुटली की एकदम गप्प. मी उलटा: सुटेपर्यंत गप्प होतो.

रेनडिअरच्या गाडीत मात्र मला ज्ञानप्राप्ती झाली. खाली कातडं, अंगावर जाडजूड पांघरूण, त्यावर मी आमची मोराची चादर टाकली. गाडी हाकणाऱ्या बाईंनी चादरीला हात लावून बघितला आणि मान हलवली. चांगलं आहे, असं असावं. आणि गप्पांच्या ओघात त्यांनी सांगितलं की या प्रदेशात अंतर मोजायचं एक जुनं माप आहे, पोरोनकुसेमा. चालता चालता रेनडिअरला लघवी करता येत नाही, त्यासाठी त्याला थांबवावं लागतं. एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंत जेवढा पल्ला, तो एक पोरोनकुसेमा, साधारण साडेसात किलोमीटर. चिरंजीव भाषांतर करत होते आणि हसत होते. मी हसलो नाही. एका जनावराची एवढी काळजी, की तिचं माप झालं! मी हिशोब केला, आपला पोरोनकुसेमा सध्या चारशे मीटरचा आहे.

चादरीचं पुढं असं झालं. तिला दमट वास येत होता, म्हणून हिनं सवयीनं ती खोपटाबाहेरच्या दांडीवर टाकली. "जरा ऊन दाखवते." ऊन कुठलं? तासाभरानं आणायला गेलो तर चादर उभी. मी दांडी काढून घेतली तरी उभी. भिंतीला टेकवून ठेवता येईल अशी, टोकाला मुडपली तर मोडेल की काय असं वाटणारी. आपल्या कडक भाकरीचाच थोरला भाऊ. ही म्हणाली, "तुम्हीच आणली."

मी म्हणालो, "तू आणलीस, चाटी गल्लीतनं."

"आणि विमानतळावर काढू कुणी दिली नाही?"

यावर उत्तर नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ती दरवाज्यातून आडवी करून आत नेली, मृदंगासारखी.

शेवटच्या रात्री खोपटाच्या मालकांनी सौना, म्हणजे घाम काढायची तापती खोली, तापवला. या देशात ५५ लाखांवर माणसं आणि ३० लाखांच्या वर सौना आहेत. २०२० मध्ये युनेस्कोनं सौना संस्कृतीला वारशाच्या यादीतही घातलं. मालक पंच्याहत्तरीचे आजोबा, बोलणं फार कमी. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आत ८० अंश असतं हं, जपून." मला हसू आलं. सोलापूरच्या माणसाला ऊन जपून! माझ्या मनात आठ दिवसांचा सगळा अपमान साठला होता. आज दाखवूनच देतो म्हटलं.

आजोबांच्या अंगावर फक्त वय होतं. मी मात्र सोलापुरी टॉवेल गुंडाळून सर्वांत वरच्या फळीवर बसलो. पाच मिनिटं, सात मिनिटं. घाम आला, पण आपलाच, ओळखीचा. मी आजोबांकडं विजयी मुद्रेनं बघितलं. त्यांनी शांतपणे लाकडी पळी उचलली, बादलीतलं पाणी तापलेल्या दगडांवर टाकलं आणि म्हणाले, "लोयली."

आपलं ऊन कोरडं असतं हो. वाफेचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ती वाफ वरच्या फळीवर आली आणि कानांना, नाकाला, टकलाला एकदम उकडलेल्या हातांनी धरलं. मे महिन्यात डांबर वितळलेल्या रस्त्यावर अनवाणी उभं राहायला मी तयार आहे, पण हे नाही. आजोबा दुसरी पळी भरत होते. मी दार उघडून बाहेर.

बाहेर उणे २२. अंगातून कढईसारखी वाफ निघत होती आणि एक-दोन मिनिटं थंडी वाजतच नव्हती. तेवढ्यात लागली. सवयीनं हात पहिल्या चेनीकडं गेला, तर चेन नाही. दुसरी नाही. सातही नाहीत. नुसता टॉवेल. सरपणाच्या ढिगामागं एका स्प्रूसच्या झाडाशी मी उभा राहिलो आणि आठ दिवसांत पहिल्यांदा वर बघायला मोकळा झालो.

आकाशात एक फिकट राखाडी पट्टा होता. मला वाटलं, कारखान्याच्या चिमणीचा धूर. आमची ती साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, तोवर थंडीच्या रात्री असाच धूर दिसायचा. मग तो पट्टा हलला. कडेनं हिरवा झाला, लांबला, पडद्यासारखा घड्या घालत डोक्यावर आला. सूर्याकडून आलेले कण शंभर किलोमीटरवरच्या ऑक्सिजनला धडकतात तेव्हा हा हिरवा उजेड पडतो, हे चिरंजीवांनी नंतर सांगितलं. इथले लोक त्याला कोल्ह्याचा विस्तव म्हणतात, कोल्हा शेपटीनं बर्फ उडवत पळतो म्हणून. मी एका हातानं टॉवेल सावरला आणि ओरडलो, "अगं ए! बाहेर ये!"

"आता काय झालं?" आतून आवाज.

"वर बघ!"

"डगला घालून येते."

सात चेनी. ती बाहेर आली तेव्हा आकाश काळं होतं आणि मी आत आजोबांशेजारी खालच्या फळीवर बसलो होतो.

परतीला मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस. बर्थवर चादर पसरली, लेंगा घातला, आणि आठ दिवसांनंतर एवढ्या साध्या कपड्यात झोपायचं या कल्पनेनंच बरं वाटलं. दौंडला जाग आली. नेहमीचंच कारण. मोठ्या रुबाबात उठून गेलो. अंधारात नाडी ओढली, ती उलटी ओढली गेली आणि निरगाठ बसली.

कुर्डुवाडी गेलं तरी ती सुटली नव्हती.