दोन वेण्यांची लिंडा ली आणि तिच्यावरचे आरोप

कॉमिक्समधल्या सुपरगर्लचा, म्हणजे सुपरमॅनच्या चुलत बहिणीचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकायला मिळतं. ते इतक्या जणांनी इतक्यांदा पुढे पाठवलंय की आता ते मत राहिलेलं नाही, माहिती म्हणूनच सांगितलं जातं. ते थोडक्यात असं: १९५९ ते १९६२ या काळातली सुरुवातीची सुपरगर्ल म्हणजे सुपरमॅनला स्कर्ट घालून केलेली नक्कल. त्यानं सांगितलं म्हणून ती अनाथाश्रमात लपून बसली. डोक्यावर केसांचा टोप चढवायचा, मांजराशी खेळायचं, डोळे पुसायचे आणि दादानं परवानगी दिली की बाहेर यायचं, एवढंच तिचं काम. खरी सुपरगर्ल अलीकडच्या टीव्ही मालिकेत भेटते, जुनीच्या वाटेला जाऊ नका.

मी या कथा पहिल्यापासून क्रमानं वाचल्या आहेत, आणि बऱ्याच परत परत वाचल्या आहेत. हे मत पसरवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यातली एक-दोन पानं पाहिली असावीत, तीही कुणीतरी हसण्यासाठी कापून काढलेली. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘नक्कल’. नावात ‘सुपर’ आहे, छातीवर तेच अक्षर आहे आणि शक्ती त्याच आहेत, हे मान्य. पण मे १९५९ची तारीख असलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा २५२वा अंक उघडून बघा. त्यात आधी मेटॅलो नावाच्या खलनायकाची कथा आहे, मेटॅलोही त्याच अंकात पहिल्यांदा अवतरला. मागच्या पानांत ओटो बाइंडर यांनी लिहिलेली आणि अल प्लास्टिनो यांनी चितारलेली छोटी कथा आहे. एक रॉकेट कोसळतं आणि त्यातून पंधरा वर्षांची कारा, म्हणजेच आपली सुपरगर्ल, बाहेर येते. सुपरमॅनचा मूळ ग्रह क्रिप्टॉन फुटला तेव्हा आर्गो शहराचा तुकडा हवेच्या आवरणासकट अवकाशात फेकला गेला होता. पायाखालची जमीन क्रिप्टोनाइट, म्हणजे क्रिप्टॉनच्या माणसांना विषारी असलेलं खनिज, झाली, म्हणून तिच्या वडिलांनी, झोर-एलनं, ती शिशाच्या पत्र्यांनी झाकून घेतली. कारा त्या शहरातच जन्मली आणि वाढली. मग उल्कांच्या माऱ्यानं पत्र्यांना भोकं पडली, खालून विष वर येऊ लागलं, आणि माणसं मरू लागली तेव्हा आईवडिलांनी तिला एकटीला रॉकेटात बसवून पाठवलं.

आता दोघांना शेजारी ठेवून बघा. सुपरमॅन तान्हा असताना आला, केंट दांपत्यानं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. ती आली ती सगळं पाहून. तिला आई आठवते, घर आठवतं, शाळकरी वय तिथंच गेलेलं. आणि पृथ्वीवर उतरल्या उतरल्या तिला कळतं की आपला चुलत भाऊ इथं आहे. जगात रक्ताचं एक माणूस उरलंय! ती विचारते, मी तुझ्याकडे राहू का? तो नाही म्हणतो. आपण क्लार्क केंट या साध्या माणसाच्या रूपात वावरतो हे उघडं पडेल, ही त्याची अडचण. लिंडा ली या नावानं तिची रवानगी मिडव्हेल गावातल्या अनाथाश्रमात होते. ज्या मुलीच्या कथेचा पाया हा नकार आहे, तिला नक्कल म्हणायचं तर सुपरमॅनच्या कथेत असा नकार कुठं आहे ते दाखवावं लागेल.

बाइंडर यांच्याबद्दलही एक गोष्ट या आरोपात विसरली जाते. नायकाच्या नात्यातली मुलगी लिहिण्याची त्यांची ती पहिली वेळ नव्हती. कॅप्टन मार्व्हल या दुसऱ्या सुपरहीरोची जुळी बहीण मेरी मार्व्हल १९४२ साली आली, तिचेही लेखक तेच. ‘सुपरमॅन’च्या १२३व्या अंकात, १९५८ साली, सुपरमॅनचा तरुण मित्र जिमी ओल्सन याच्या इच्छेतून जादूनं प्रकटलेली एक सुपर-गर्लही त्यांनीच लिहिली होती. तिला मात्र ना घर होतं, ना भूतकाळ. पुढच्या वर्षीची कारा त्यांनी वेगळी घडवली. तिला मागचं आयुष्य दिलं, आणि ते तिच्याकडून हिरावूनही घेतलं.

‘लपून बसली’ हा आरोप मला सगळ्यात जास्त खुपतो. लपली हे खरं, बसली हे धादांत खोटं.

आपण गुप्त ओळख म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर क्लार्क केंट येतो. सुपरमॅन आहे हे जगाला ठाऊक असतं, तो कोण आहे हे ठाऊक नसतं. लिंडा लीचं तसं नव्हतं. सुपरगर्ल नावाचं कुणी अस्तित्वात आहे हेच जगाला माहीत नव्हतं. सुपरमॅननं तिला संकटकाळचं गुप्त अस्त्र म्हणून राखून ठेवलेलं, शिक्षण पुरं होईपर्यंत कुणाच्या नजरेला पडायचं नाही अशी अट. त्यामुळे तो पूल सावरतो तेव्हा खाली लोक टाळ्या वाजवतात. तिनं काही सावरलं तर लोकांना ते योगायोग, वारा किंवा दैव वाटलं पाहिजे. पहिल्याच कथेच्या शेवटी ती रात्री मिडव्हेलवरून उडत जाते, या गावाची राखण करायचं मनाशी ठरवून. खाली सगळं गाव झोपलेलं. पुढच्याच अंकापासून चित्रं जिम मूनी काढू लागले. त्या २५३व्या अंकात ती आश्रमातल्या एका मुलाला आईवडील मिळावेत म्हणून गुपचूप खटपट करते. स्वतःचं नाव कुठंही येऊ न देता.

हे ‘बसणं’ आहे? लग्नघरात पहाटेपासून भांड्यांशी झटणारी आणि फोटोत कुठंच नसणारी काकू आपल्याकडे प्रत्येक घरात असते, तिला बसून होती म्हणायची कुणाची हिंमत होईल?

शिवाय एक बारीक पेच आहे, आणि माझ्या मते या तीन वर्षांच्या कथांचा जीव त्यातच आहे. अनाथाश्रमातल्या मुलीला काय हवं असतं? कुणीतरी यावं आणि आपल्याला घरी न्यावं. लिंडालाही तेच हवंय. पण घरी गेलं की चोवीस तास आईवडिलांची नजर, म्हणजे गुपित धोक्यात, म्हणून शिक्षण होईतो दत्तक जायचं नाही. शाळेत असताना मी दोन वर्षं वसतिगृहात काढली. रविवारी दुपारी भेटायला येणाऱ्यांची वाट पाहत सगळ्या मुली फाटकाच्या बाजूच्या कट्ट्यावर बसायच्या. ज्यांच्याकडे कुणी येणार नसायचं त्या आत कपडे धूत राहायच्या, नळ मोठा सोडून. मला त्या कथांतली लिंडा त्या नळापाशी दिसते. फरक एवढाच की तिच्याकडे कुणी आलं असतं तरी तिला जाता येणार नव्हतं.

टोपाचा मुद्दा. ‘दोन वेण्यांचा तपकिरी टोप घातला की कुणी ओळखत नाही, असं कसं?’ हा प्रश्न क्लार्कच्या चष्म्याला विचारणं योग्य आहे, कारण त्याची सहकारी पत्रकार लोइस लेन त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते आणि तिनं सुपरमॅनला जवळून पाहिलेलं असतं. पण ज्या सोनेरी केसांच्या मुलीला गावानं पाहिलेलंच नाही, तिला गाव ओळखणार कशावरून? टोप तिथं चेहरा लपवायला नसून खबरदारी म्हणून आहे. कधी चुकून कुणी उडताना पाहिलंच, तर त्या सोनेरी केसांचा आणि आश्रमातल्या वेण्यांचा संबंध लागू नये एवढंच त्याचं काम. आणि लेखकांनी हा प्रश्न झटकलेला नाही. २५६व्या अंकातच आश्रमातल्या डिक विल्सनला लिंडाचा संशय येतो, आणि हा मुलगा पुढे कितीतरी कथांत तिचा पिच्छा सोडत नाही. मोहिमेवर जाताना तिच्या जागी कुणी हवं म्हणून लिंडासारखा दिसणारा एक यंत्रमानव आहे. तो पोकळ झाडाच्या खोडात दडवून ठेवलेला. झाडामागं जायचं, टोप काढायचा, खोडातून त्याला बाहेर काढायचं आणि आभाळात झेप घ्यायची. हा सगळा उपद्व्याप दर वेळी, कुणाच्याही नकळत.

मांजराबद्दल फार बोलत नाही. स्ट्रीकी २६१व्या अंकात, १९६०च्या फेब्रुवारीत आला. हिरव्या क्रिप्टोनाइटचा घातकपणा घालवायचा प्रयोग कारा स्वतः करते, तो फसतो, टाकून दिलेला खडा मांजराच्या वाटेला येतो आणि त्याला काही काळापुरत्या शक्ती मिळतात. ही कथा गोड आहे, मुलांसाठी आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वाचणाऱ्यांनी प्रयोगाकडे लक्ष द्यावं एवढीच विनंती. आपल्या जातकुळीच्या विषावर उतारा शोधायला ही पोरगी एकटीच बसलीय.

‘दादाच्या परवानगीनं’ या आरोपात तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. २५८व्या अंकात तिनं सुपरमॅनच्याच कुत्र्याला, क्रिप्टोला, आपलं अस्तित्व कळू दिलं म्हणून तो तिला एका ओसाड लघुग्रहावर पाठवून देतो, आणि शेवटी ही परीक्षा होती म्हणून सांगतो. ही कथा मला आजही वाचवत नाही. ज्या मुलीनं अख्खं शहर मरताना पाहिलं तिला पुन्हा एकटेपणाची शिक्षा! संपादक मॉर्ट वाइसिंगर आणि त्यांचे लेखक सगळे पुरुष होते, आणि मुलीला शिस्त लावणं हे त्यांना सहज वाटत होतं. इथं टीका करणाऱ्यांच्या बाजूनं मी उभी आहे.

पण या एका कथेवरून बाकीच्या सगळ्या बाद करता येत नाहीत, कारण त्याच लेखकांनी तिला त्याच्या कह्याबाहेरची जागाही दिली. २६७व्या अंकात भविष्यातून लीजन ऑफ सुपरहीरोज, म्हणजे किशोरवयीन सुपरहीरोंचा एक गट, येतो. तिकडे सुपरगर्ल इतिहासात नोंदलेलं नाव आहे. आपल्या काळात जिला कुणी ओळखत नाही, तिला मित्र मिळतात ते अजून न उजाडलेल्या काळात. त्यांच्यात शिरायला ती गेली आणि लाल क्रिप्टोनाइटनं अचानक मोठी झाली, म्हणून वयाच्या अटीत बसेना, हात हलवत परत आली. १९६१ साली २७६व्या अंकात मात्र तिला प्रवेश मिळतो, सॅटर्न गर्ल, फँटम गर्ल आणि ट्रिप्लिकेट गर्ल या लीजनमधल्या तीन मैत्रिणींच्या साथीनं. हे तिनं स्वतः मिळवलेलं आहे. सुपरमॅनच्या चिठ्ठीवर नाही.

राहिला ‘खरी सुपरगर्ल अलीकडची’ हा मुद्दा. २०१५ची मालिका मलाही आवडली. पण त्या मालिकेतलं डॅनव्हर्स हे आडनाव आलं कुठून? जुलै १९६१च्या २७८व्या अंकात सुपरमॅन तिला जगासमोर आणायचं ठरवतो आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या शक्ती नाहीशा होतात. क्रिप्टॉनचं बाटलीत बंद असलेलं चिमुकलं शहर कँडोर, तिथली लेस्ला-लार नावाची, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी शास्त्रज्ञ त्यामागं आहे, हे काराला माहीत नसतं. तिची समजूत होते की आता आपण कायमच्या साध्या मुली. आणि तेव्हा, पुढच्याच अंकात, ती फ्रेड आणि एडना डॅनव्हर्स यांना दत्तक जाते. हे ज्यांना बाळबोध वाटतं त्यांनी पुन्हा वाचावं. गुपित सांभाळायचं ओझं उतरलं तेव्हाच तिला आई मिळाली. पुढे शक्ती परत येतात आणि लपवाछपवी सुरू होते, फक्त आता ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसं जेवणाच्या टेबलावर समोर बसलेली असतात. जे काल दूरच्या अधीक्षकांना खोटं सांगण्यावर भागत होतं, ते आता प्रेमानं ताट वाढणाऱ्यांना सांगायचं.

ही गाठ सुटते ती फेब्रुवारी १९६२च्या २८५व्या अंकात. कथा जेरी सीगल यांची, म्हणजे सुपरमॅनच्या दोघा निर्मात्यांपैकी एकाची. पुढे मिरवणूक आहे, संयुक्त राष्ट्रांत सत्कार आहे, व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी तिची भेट घेतात. सुपरमॅन जवळ नसताना आभाळात हरवलेला, नुसते पायच दिसणारा एक अवाढव्य राक्षस तिच्या एकटीच्या वाट्याला येतो, आणि ती त्याला लहान करून आवरते. हे सगळं आहेच. पण मी थांबते ती त्याआधीच्या पानावर. जगाला सांगण्याआधी फ्रेड आणि एडनाला सांगितलं जातं. घरातल्या घरात, आपली लिंडा कोण आहे ते. टोप काढलेली मुलगी त्यांच्यासमोर उभी असते, आणि पृथ्वीवर आल्यापासून पहिल्यांदा तिच्या घरच्यांना तिचे केस सोनेरी आहेत हे कळतं.