झाकण नसलेला बर्गर

बर्गरला वरचा पाव कशासाठी असतो, हे तो काढून टाकल्याशिवाय कळत नाही. हात चिकट होऊ नयेत म्हणून असेल, असं मला वाटायचं. छे! तो अब्रू झाकायला असतो. आत पॅटी फुटलेली असो, कांदा एका कडेला गोळा झालेला असो, चीज निम्मंच वितळलेलं असो. वरून पाव दाबला की झाकली मूठ सव्वा लाखाची. उघड्या बर्गरचा सगळा कारभार चव्हाट्यावर.

हा घाट घातला बायकोने. "वरचा पाव नको, तेवढंच पोटात कमी जाईल." त्या पावाच्या जागी मश्रूम आणि चीज येणार होतं, त्याचा हिशोब कोणी मागितला नाही. मीही नाही. मला चीज आवडतं.

पहिला वाद मश्रूमच्या आंघोळीवरून. धुतले की पाणी पितात, म्हणून ओल्या फडक्याने एकेकाचं तोंड पुसायचं, हे बायकोचं मत. आता मश्रूममध्ये मुळातच 90 टक्क्यांहून जास्त पाणी. एवढं पोट भरलेला गडी नळाखाली धरला म्हणून आणखी किती पिणार? मी माझे धुऊन मोकळा झालो, ती पुसत बसली. तव्यात पडल्यावर कुठले कोणाचे ते ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं.

पाककृतीत लिहिलेलं असतं : मश्रूम एका थरात पसरा, गर्दी करू नका, आच मोठी ठेवा. लिहिणाऱ्याच्या घरी कोणाला भूक लागत नसावी. चौघांपुरते मश्रूम असे ऐसपैस परतत बसलो तर जेवायला पहाट होईल. मी सगळे एकदम टाकले. तवा काठोकाठ भरला. "अरे, फार होतील," बायको म्हणाली.

थोड्याच वेळात चर्र आवाज थांबला आणि बुडबुड सुरू झाली. मश्रूमना पाणी सुटलं होतं. तव्यात पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांपुढे सरकत नाही आणि खरपूस रंग यायला साधारण 140 तरी लागतात. म्हणजे पाणी आटेपर्यंत त्यांनी आपल्याच करड्या रसात डुंबायचं आणि आपण उलथनं धरून पहारा द्यायचा. शेवटी एकदाचं आटलं, कडा तांबूस झाल्या, वास सुटला. बायको वाकून बघत म्हणाली, "बाकीचे कुठे गेले?"

मश्रूमचा एक गुण मात्र मानला पाहिजे. कितीही शिजवा, लगदा होत नाही. त्याच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, झुरळाच्या पाठीत असतं तेच. ही माहिती जेवणाच्या तोंडावर द्यायची नसते, असं मला एकाच वेळी तीन बाजूंनी सांगण्यात आलं.

मग चीज. मुरलेलं चीज किसून घातलं की चवीला राजा, पण फार तापलं की तेल वेगळं आणि चोथा वेगळा. स्लाइस त्या मानाने गरीब. तिच्यातले क्षार तेल-पाण्याला धरून ठेवतात, त्यामुळे ती निमूट वितळते. मी दोन्ही घातलं. आता हे वितळवायचं तर वरून वाफ हवी, म्हणजे तव्यावर झाकण हवं. उघड्या बर्गरलाही शेवटी झाकण लागलंच! ते उचलताना आतल्या बाजूला जमलेलं पाणी सरसर एका कडेला आलं आणि नेमकं चीजवर सांडलं. इतकी मेहनत करून आटवलेलं पाणी परत जागेवर.

"बाबा, हा हाताने खायचा की काट्याने?" मुलीने विचारलं. डेन्मार्कची माणसं राय नावाच्या धान्याच्या पावावर असंच काहीबाही रचतात आणि सुरी-काट्याने खातात, असं मी सांगितलं. तिने काटा टोचला, सुरी चालवली. पाव कापला गेला नाही, पण पॅटी ताटाबाहेर गेली. मुलाने सरळ हातात घेऊन चावा मारला. चीजची अख्खी चादर मश्रूमसकट त्याच्या दातांबरोबर निघाली आणि हनुवटीवर लोंबत राहिली. हातात उरला कोरा पाव आणि ओशाळलेली पॅटी. चव विचाराल तर फर्मास होती. पुराव्यादाखल दाखवण्यासारखं मात्र कोणाच्याच ताटात काही उरलं नव्हतं.

उरले ते वरचे पाव. "टाकायचे कशाला?" बायको म्हणाली. मश्रूम संपले होते, चीज होतं. पाव उलटे करून त्यांवर चीज घातलं. पाठ गोल असल्यामुळे ते तव्यात डोलत होते, म्हणून प्रत्येकाला चमच्याचा टेकू दिला. खाऊन झाल्यावर मी हिशोब मांडला : पावाचे भाग दोन्ही पोटात, चीज दुप्पट.

"पण उघडेच होते ना," बायको म्हणाली.